तानूबाईची अकरा गाढवं

"उद्या दुपारपर्यंत या अकरा गाढवांची चार कर," बेहडापूरच्या राजा मानाजीने फर्मावलं. "विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, मारायचं नाही, हाकलायचं नाही. पूल ओलांडून करंजनगरातही न्यायचं नाही. जमलं नाही, तर अकराही कोंडवाड्यात."

समोर तानूबाई कुंभारीण उभी होती. गाढवं म्हातारी झाली की लोक त्यांना माळावर सोडून देत आणि ही त्यांना घरी आणी. कोंडवाड्यात गेलेलं जनावर परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

बेहडापूरचा कायदा असा, की एका घरात चारच जनावरं. चारच का? त्यापुढे मोजायचा राजाला कंटाळा, असं लोक हळूच म्हणत. पुलापलीकडे करंजनगरात मात्र आकड्याला कुणी विचारत नसे. तिथला मोजणीदार जनावराच्या कुशीवरून हात फिरवी. फासळ्या बोटांना लागल्या, तरच ते जनावर गुन्ह्यात धरी. मग पाळा एक, नाहीतर पाळा शंभर.

शेजाऱ्यांची ही ढिलाई राजाला खपत नसे. त्याने पुलावर मोठी शिळा बसवली होती: 'करंजनगरात जेवढा गुन्हा, बेहडापुरात त्याच्या बरोब्बर दुप्पट.'

तानूबाईने हात जोडले. "तिकडं न्यायचं न्हाई म्हणालात, म्हाराज. तिकडनं काही आणलं तर चालंल?"

"आण की. आणखी गाढवं आण," राजा म्हणाला. दरबार हसला. कोतवाल सगळ्यांच्या आधी हसला, कारण नोकरीच तशी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजवाड्यापुढे गाढवं उभी होती. अकराच्या अकरा.

"चार कुठे आहेत?" राजाने विचारलं.

"मोजायला माणूस आणलाय," तानूबाई म्हणाली.

करंजनगरचा मोजणीदार पुढे आला. त्याने एकेका गाढवाच्या कुशीवरून सावकाश हात फिरवला. "एकाचीही फासळी लागत नाही. गुन्हा शून्य."

"तो तुमचा कायदा! इथे माझा चालतो."

"तुमचाच चालवतीय, म्हाराज. शिळेवर कोरलंय, तिकडच्या बरोब्बर दुप्पट. करा की दुप्पट. शून्याची दुप्पट किती?"

राजाने कोतवालाकडे पाहिलं. कोतवालाने बोटं उघडली आणि परत मिटली.

मोजणीदार खाकरला. "येताना महाराजांच्या बागेतली हरणंही तपासली. चौतीस आहेत. सगळ्यांच्या फासळ्या लागल्या."

"म्हंजे हितले अडुसष्ट गुन्हे," तानूबाई म्हणाली.

राजा लालबुंद झाला. "माझ्या वाड्यात धड पोसलेला एकही जीव नाही, असं म्हणायचंय तुला?"

"हाय की एक. पर त्याच्या फासळ्या चाचपायच्या, तर तुमचा अंगरखा वर करावा लागंल."

आधी राजाचं पोट हललं, मग खांदे, आणि मग तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"चारचा कायदा रद्द," तो डोळे पुसत म्हणाला. "गाढवांना आणि हरणांना माझ्या कोठारातून वैरण. आणि आजपासून बेहडापूरची मोजणीदार तू."

तानूबाईने पदर खोचला आणि ती थेट दाराशी बांधलेल्या कोतवालाच्या घोड्याकडे गेली. कोतवाल घाईघाईने आडवा आला. तिने त्याला बाजूला केलं आणि घोड्याच्या कुशीवर हात ठेवला.

"एक," तिने मोजायला सुरुवात केली.