सात माणसांची गाडी

बोरखिंड गावात रंगनाथ नावाचा एक भोळा भाऊ राहायचा. कुणी काही सांगितलं की तो ते तंतोतंत करायचा. सगळा घोटाळा तिथंच व्हायचा.

त्याची धाकटी बहीण कालिंदी. बी.ए. झालेली, पण कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी. तिला पहिल्यांदा खटकलं ते सुतळीचं. सकाळी काकू भाकऱ्या थापत होत्या आणि रंगनाथ मागून त्यांच्या कमरेला सुतळी गुंडाळत होता.

"दादा! हे काय?"

"तूच म्हणालीस ना, सगळे गाडीत मावतात का ते बघून ये. मापं नेतोय."

कालिंदीचा साखरपुडा पंधरा दिवसांवर आला होता. तालुक्याला, साडेअकराचा मुहूर्त. मुलाच्या आजीनं निरोपच धाडला होता, मुहूर्त चुकला तर सोयरीक मोडली म्हणून समजा. एसटीचा काय भरवसा? तेव्हा जुनी का होईना, सात माणसांची गाडी घ्यायची ठरली. आई, बाबा, काका, काकू, वहिनी, रंगनाथ आणि कालिंदी. बरोबर सात.

शिंगणगावच्या आबांची गाडी विकायची होती. रंगनाथ बघून आला.

"मावतात. काकू जरा दाराकडून."

"आणि इंजिन?"

"ते तू कुठं सांगितलंस?"

"अरे दादा, झाकण उघडून आत बघायचं असतं! काळं दिसलं, वास आला, की नको म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी रंगनाथ गेला तर आबांनी आग्रहानं जेवायला थांबवलं. चुलीवर पातेलं होतं. यानं झाकण उचललं. आत काळ्या मसाल्याचं कालवण.

"काळं आहे. वासही येतोय. नको."

आबांच्या बायकोनं उलथनं उगारलं. रंगनाथ चपला हातात घेऊन घरी आला.

कालिंदीनं कपाळाला हात लावला. "दुसऱ्याच्या वस्तूला मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही रे!"

"बरं."

तिसऱ्या दिवशी आबांनी त्याला गाडीत बसवलं आणि ते पान आणायला गेले. गाडी उतारावर होती. हळूहळू मागं घरंगळायला लागली. हँडब्रेक रंगनाथच्या मांडीशीच होता. पण वस्तू दुसऱ्याची. त्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"आबा, ब्रेक ओढू का?"

आबा पानपट्टीवर. गाडी कडब्याच्या गंजीत.

आबा पळत आले, त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "बाबा, गाडी ने. जमेल तसं दे, पण परत येऊ नकोस."

अशी गाडी घरी आली. डिकीत दोन पेंढ्या कडबाही आला.

आता कालिंदीची झोप उडाली. साखरपुड्याच्या सकाळी तिनं भावाला समोर बसवून बजावलं, "चालवताना मालक तू. मागून कुणी कितीही ओरडलं तरी लक्ष रस्त्यावर. फोन उचलायचा नाही. आणि सात माणसं बसली की निघायचं. आठवं माणूस घ्यायचं नाही, मग ते कुणी का असेना!"

"कुणी का असेना," रंगनाथनं घोकलं.

सगळे गाडीत बसले. कालिंदी पाय ठेवणार, तोच तिला गॅसची शंका आली. ती आत पळाली. गॅस बंदच होता. तरी तिनं दोनदा बघितला.

तेवढ्यात शेजारच्या सत्तरीच्या गोदामावशी आल्या. "रंगा, मला वेशीपर्यंत सोड रे," म्हणत मागं शिरल्या.

रंगनाथनं मोजलं. सात.

कालिंदी बाहेर आली तेव्हा अंगणात नुसता धुरळा होता. मागच्या काचेवर आई, काकू, गोदामावशी, सगळ्या थापा मारत होत्या. रंगनाथचं लक्ष रस्त्यावर होतं.

तिनं भावाला फोन लावला. उचलला नाही. आईला लावला. तो तिच्याच खांद्यावरच्या पिशवीत वाजला. हरवू नयेत म्हणून दादाचा सोडून बाकी सगळ्यांचे फोन तिनंच सकाळी गोळा केले होते. वेशीवर ना एसटी, ना जीप. साडेअकरा वाजून गेले. रडत रडत ती लावतच राहिली.

एकतिसाव्या वेळी फोन उचलला गेला.

"हं, बोल कालिंदी. आता गाडी उभी आहे."

"दादा! मुहूर्त चुकला ना रे?"

"छे! मी चुकू देईन होय? तुझ्या पाटावर गोदामावशींना बसवलंय. सुतळीनं मोजून घेतलं. मावतात."