चवरीवालीचे कान

पूर्वी गोदातीरी पोतली नगरात महीसेन राजाचे राज्य चालू होते. त्या काळी बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मला आणि भद्रक या नावाने राजवैद्य झाला.

त्या दरबारात एक जुनी रीत होती. मंत्रणागृहात राजावर चवरी ढाळणारा माणूस बहिरा असावा, म्हणजे राज्याचे गुपित बाहेर फुटणार नाही. जन्मापासून बहिरा असलेल्या कुंभकाने तेवीस वर्षे हे काम केले. आता त्याचे हात कापू लागले होते. दुसरा बहिरा माणूस मिळेना, तेव्हा महामंत्री शोणकाने दवंडी पिटवली, की जो कोणी औषधाने बहिरा होण्यास तयार असेल त्याला ही जागा आणि जन्मभराचे धान्य मिळेल. धडधाकट माणसाचा अवयव वैद्याने निकामी करू नये, असा कायदा होता. पण त्यात ‘त्याच्या संमतीवाचून’ असे दोन शब्द होते. शोणकाला तेवढे पुरेसे होते.

सुमना नावाची एक स्त्री पुढे आली. तिचा नवरा चुनाभट्टीवर काम करताना आंधळा झाला होता. तीन साक्षीदारांसमोर होकार देऊन ती भद्रकाकडे आली.

“तू बहिरी, तो आंधळा. मग तुम्ही बोलणार कसे?” भद्रकाने विचारले.

“ठरवलंय आम्ही. त्यांनी माझ्या तळहातावर एकदा बोट टेकवलं की भूक, दोनदा टेकवलं की तहान. महिनाभर सराव केलाय.”

“आणि त्याला दुसरं काही सांगायचं असेल तर?”

सुमना म्हणाली, “कान माझे आहेत, वैद्यराज. द्यायचे की नाही ते मीच ठरवीन ना? उपाशी माणसं बोलून तरी काय बोलणार?”

भद्रकाला फार वाईट वाटले. तिचे म्हणणे खोटे नव्हते, हीच तर अडचण होती. तरी त्याने औषध दिले नाही.

शोणकाने त्याला राजापुढे उभे केले. “बाईची संमती आहे, कायदा आड येत नाही. वैद्याने औषध द्यावे, नाहीतर जागा सोडावी.”

“महाराज,” भद्रक म्हणाला, “ती धान्याला हो म्हणाली आहे. पोट भरलेले असताना तिला विचारून पाहा. आणि तिचे कान घेऊन आपल्या हाती काय लागणार, तेही पाहू. कुंभकाला बोलवावे.”

भद्रक कुंभकाला कित्येक वर्षे औषध देत होता. औषध कुटायला आपण पाठ फिरवली, की कुंभक खुणांनी उत्तर देईनासा होतो, हे त्याच्या ध्यानात आले होते.

कुंभक आला. भद्रकाने त्याच्याकडे तोंड करून विचारले, “परवाच्या मंत्रणेत काय ठरले?”

कुंभक हलला नाही. राजाने मान डोलावली तेव्हाच तो खाली बसला आणि जमिनीवरच्या धुळीत बोटाने काढू लागला: नदी, तीन नावा, पैलतीराचा बुरूज, त्यावर शेजारच्या राजाचे मोराचे निशाण. शोणकाचा चेहरा उतरला. तो बेत त्याचाच होता.

“हा ओठ वाचतो, महाराज,” भद्रक म्हणाला.

“कधीपासून?” राजाने विचारले. कुंभकाने चवरीकडे बोट दाखवले. पहिल्या दिवसापासून.

“आणि कोणाला सांगितलेस?”

हा प्रश्न कुंभकाला इतका लागला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

शोणक घाईने म्हणाला, “मग पुढच्या माणसाचे डोळेही…” आणि मध्येच थांबला, कारण राजा त्याच्याकडे पाहत होता.

“तेवीस वर्षे माझे गुपित या माणसाने राखले,” राजा म्हणाला, “आणि मी त्याच्या बहिरेपणाला श्रेय देत बसलो.”

त्याने कायद्यातले ते दोन शब्द खोडायला लावले. चवरीची जागा सुमनाला दिली, कानांसकट. कुंभकाचे धान्यही चालू ठेवले.

सुमना घरी पोहोचली तेव्हा नवरा उंबऱ्याशी बसून होता. चाहूल लागताच त्याने चाचपडत तिचा तळहात धरला आणि त्यावर दोनदा बोट टेकवले.

“पाणी देते,” ती म्हणाली, “पण आधी तोंडाने मागा.”

मग तो जो बोलत सुटला, तो पाणी पिऊन झाल्यावरही थांबला नाही.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे संघाचे गुरू, भिक्षूंना म्हणाले, “तो शोणक आज आपल्या विहाराचे भांडार सांभाळतो. राजा महीसेन हा ज्याने आपल्याला ही आमराई दिली तो गृहस्थ. सुमना भिक्षुणीसंघात नव्या मुलींचे पाठ ऐकून घेते, आणि तिचा नवरा म्हणजे ज्याला रोज गप्प बसवावे लागते तो आपला भिक्षू. कोणाचेही उणे कधी न सांगणारे, शेवटच्या रांगेतले स्थविर हे कुंभक. वैद्य मी होतो. दया मला सुमनाला पाहताच आली होती. पण नुसत्या दयेने तिचे कान वाचले नसते. ते नीट पाहण्याने वाचले. म्हणून त्या जन्मातील माझ्या गुणाला प्रज्ञा म्हणा.”