वैद्यबुवांची फुलांची वाट

फार वर्षांमागे, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक वैद्य राहत होता. त्याच्या हाताला असा गुण, की चार गावची माणसं त्याच्या ओसरीवर येत. पण फाटकापासून ओसरीपर्यंतची वाट म्हणजे नुसता चिखल आणि खडे. वैद्याला त्याची फार लाज वाटे.

एका दिवाळीला त्याने मनावर घेतलं. वाटेवर गुळगुळीत फरशा बसवल्या. कडेने बुटका झेंडू, त्यामागे शेवंती, सर्वांत मागे उंच जास्वंद लावली. वैद्यीणबाई तर रोज सकाळी फरशीफरशीवर रांगोळी काढू लागली. ही नवी वाट बघायला गाव लोटलं.

"वा, वैद्यबुवा! राजाच्या दारातसुद्धा अशी वाट नसेल!"

वैद्य हरखून गेला. पण पंधरा दिवसांत त्याच्या ध्यानात आलं, की बघणारे वाढलेत आणि रोगी आटलेत.

"अगं, गाव एकदम ठणठणीत झालं की काय?" त्याने बायकोला विचारलं.

"लोक बरे म्हणून तोंड पाडून बसलेला वैद्य पहिल्यांदाच बघतेय मी!" ती हसून म्हणाली.

वैद्य मात्र पुरता बुचकळ्यात पडला. काढ्यांचा गुण गेला? कुणाची दृष्ट लागली? माशी नेमकी कुठे शिंकली, तेच कळेना. फुलंच कमी पडत असतील, म्हणून त्याने शहाण्यासारखी आणखी अबोली लावली. बघणारे आणखी वाढले. रोगी एकही नाही.

एके सकाळी झाडांना पाणी घालताना त्याला गोवऱ्या विकणारी म्हातारी दिसली. पायाला चिंधी गुंडाळलेली. फाटकाशी घटकाभर थांबून ती परत निघाली होती.

"आजी, दारातून परत का? या की आत!"

"कशी येऊ, बाबा? पाय चिघळलाय, पू गळतोय. असला पाय रांगोळीवर कसा देऊ? तीन दिवस येते नि जाते. मीच नाही, सगळेच म्हणतात, एवढ्या देखण्या वाटेवर आपली मळकी पावलं कशी उमटवायची?"

हातातली कळशी तशीच टाकून वैद्य रांगोळी तुडवत धावला आणि म्हातारीला हाताला धरून ओसरीवर घेऊन आला.

महिनाभराच्या औषधपाण्याने पाय वाचला. दोन बोटं मात्र गेली.

"आजी, तीन दिवस आधी आत आला असतात तर..." शेवटची पट्टी सोडता सोडता वैद्य म्हणाला. चूक कुणाची, ते त्याला ठाऊक होतं.

वैद्यीणबाईने रांगोळी तुळशीपुढे नेली. फरशांवर पुन्हा चिखलाची पावलं उमटू लागली आणि ओसरी भरली. पण म्हातारी गोवऱ्या घेऊन लंगडत दारात आली, की वैद्याला मान वर करून तिच्याकडे बघवत नसे.

तात्पर्य: दार जरूर सजवावं, पण ज्यांच्यासाठी ते उघडं ठेवलंय त्यांना आत पाऊल टाकायचा संकोच वाटेल इतकं नव्हे.