हिअर आणि लिसन

गावोगावी इंग्रजी शाळा नव्यानेच निघाल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. शाळेमागच्या पांगाऱ्याच्या फांदीत ढोली होती. तिथे राघू दोन पिल्लांसह राहायचा. खिडकीशी बसून तो इंग्रजी शिकला होता. 'हिअर' म्हणजे ऐकणं, 'लिसन' म्हणजेही ऐकणं, मग शब्द दोन कशाला, एवढंच त्याला उमगत नव्हतं.

एके सकाळी म्हातारा सुतारपक्षी त्या फांदीवर आला. एक टोला मारायचा, मान वाकडी करून थांबायचा, मग पुढचा टोला.

"काका, पुरे की ठकठक! पोरं झोपलीत."

"पंडित, ही फांदी कधीपासून करकरतेय?"

"आठवडा झाला. रोज कानावर येतंय."

"आतून पार भुसा झालाय तिचा. पोरांना आधी हलव."

राघूच्या जिभेवर उलट उत्तर आलं होतं; पण म्हाताऱ्याची ती वाकडी मान आठवून त्याने पिल्लांना खोडातल्या ढोलीत नेलं. दुपारी वारा सुटला आणि फांदी कडाडून खाली आली.

राघूने मान लववली. "काका, मी आठवडाभर नुसतं हिअर केलं. लिसन तुम्ही केलंत."

"ते काय असतं रे?" म्हणत म्हातारा पुढच्या फांदीवर गेला, टोला मारला आणि मान वाकडी करून थांबला.