थांबायची तालीम

"नवस नक्की काय केला होता म्हणालात, ताई?"

दस्तगीर वस्ताद गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. विचारताना त्यांनी मान वर केली नाही.

विजयमालाकाकींनी पदर सावरला. नवसाचं असं चारचौघांत सांगायचं नसतं. पण इथे चारचौघं होते कुठे? वस्ताद, त्या स्वतः, आणि पलीकडे हाताची घडी घालून उभा राहिलेला त्यांचा लेक धैर्यशील.

"अंबाबाईच्या पायरीवर बोलले होते," काकी म्हणाल्या. "ही गाडी दारातून जाईस्तोवर गोडाला शिवणार नाही."

"किती महिने झाले?"

"आठ."

"आणि गाडी?"

काकींनी नुसतं पुढे बोट केलं. गाडी समोरच जॅकवर चढवलेली होती.

"देवीनं ऐकलं नाही म्हणायचं," धैर्यशील हसत म्हणाला.

"ऐकलं असंल," वस्ताद म्हणाले. "तूच ऐकलं नसशील, लेका."

धैर्यशीलचं हसू तिथंच राहिलं.

गाडी निळी, अठरा वर्षांची. दिसायला साधी सेडान, घरच्या माणसांना लग्नकार्याला नेईल अशी. पण अंगात जोर शर्यतीतला. धैर्यशीलनं ती एका हौशी माणसाकडून घेतली आणि इंजिनात आणखी जोर भरला. कोल्हापुरात असल्या गाडीचं नाव निघालं की पोरं चहा थंड करून ऐकतात. काकी मात्र तिचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की हातातलं काम टाकून दारात यायच्या.

आठ महिन्यांपूर्वी करूळ घाट उतरताना तिचा ब्रेक गेला होता. पेडल पायाखालून खाली गेलं ते थेट मॅटला टेकलं. धैर्यशीलनं गिअर पाडले, हँडब्रेक ओढला, आणि गाडी डोंगराच्या बाजूनं घासत घासत उभी केली. घरी त्यानं चकार शब्द काढला नाही. शेजारी बसलेला मित्र चार दिवसांनी पेढे घेऊन आला, तेव्हा कळलं. "काकी, आम्ही वाचलो त्याचे पेढे," म्हणाला.

त्यातला पेढा काकींनी तोंडात घातला नाही. त्याच संध्याकाळी त्या देवळात गेल्या.

आता उद्या त्याच घाटानं खाली जायचं होतं. सूनबाई बाळंतपणाला माहेरी गेली होती, वैभववाडीला. नात तीन महिन्यांची झाली होती. उद्याचा गुरुवार चांगला, पुढे अमावस्या. तेव्हा मायलेकींना पाळण्यासकट उद्याच घरी आणायचं ठरलं होतं.

"एसटीनं जाऊ," काकी म्हणाल्या होत्या.

"माझी लेक पहिल्यांदा तिच्या घरी येणार. माझ्याच गाडीतनं येणार," धैर्यशील म्हणाला होता.

"मग गाडी आधी दस्तगीर वस्तादांना दाखव. नाहीतर मी पाऊल टाकायची नाही."

आईच्या समाधानाला म्हणून तो आला होता. एवढंच.

वस्तादांचं गॅरेज गगनबावडा रस्त्याला, फुलेवाडीच्या पुढे. पन्नास वर्षं माणूस फक्त ब्रेकचं काम करतोय. इंजिनाचं विचारलं की समोरच्या गॅरेजकडे बोट दाखवतात. "पळवणारे तिकडं," म्हणतात. "माझ्याकडं थांबवायचं काम."

"बघा वस्ताद," धैर्यशीलनं चाकाकडे हात केला. "डिस्क मोठी टाकलीय. कॅलिपर चार पिस्टनचे. पॅड भारीतले. सगळं मी स्वतः बसवलंय, दोन रविवार घालवून. आता खोट काढायला जागाच नाही."

डिस्कला चिमटीत धरणारे लाल कॅलिपर चाकाच्या आत कुंकवासारखे उठून दिसत होते.

वस्तादांनी डिस्कवरून बोट फिरवलं. नट तपासले. कॅलिपर हलवून पाहिला. मान डोलावली.

"हात चांगलाय तुझा."

धैर्यशीलनं आईकडे पाहिलं. बघ, अशा नजरेनं.

"पेडल कसं लागतंय?"

"थोडं... मऊ आहे. नवीन आहे ना सगळं. होईल घट्ट."

"व्हय? आपोआप?"

धैर्यशील रुमालानं कॅलिपर पुसू लागला.

"तेल कुठलं घातलंस?"

"ब्रेक ऑइल? आहे की त्यात. लेव्हल बरोबर आहे."

"कुठलं, विचारलं."

"गाडीतलंच."

"आणि तेलाचे रबरी पाइप?"

"फुटलेले नाहीत, वस्ताद."

वस्ताद उठले. गुडघ्यांनी कुरकुर केली, ती त्यांनी ऐकली नाही. कोपऱ्यात चहाचा स्टोव्ह होता, तो पेटवला. फळीवरून दोन काळपटलेले चमचे काढले. एकात गाडीतलं तेल घेतलं. ते चहाच्या चोथ्यासारखं काळं होतं. दुसऱ्यात नव्या डब्यातलं ओतलं, ते मधासारखं.

"लांब उभ्या राहा ताई, वास वाईट असतो."

दोन्ही चमचे पकडीत धरून त्यांनी ज्योतीवर नेले.

नवं तेल चमच्यात निवांत राहिलं. काळ्या तेलाला पाहता पाहता बुडबुडे फुटले.

धैर्यशील वाकून पाहत होता. त्याचा हात नकळत स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर गेला.

"हे तेल हवेतलं पाणी पितं," वस्ताद म्हणाले. "वर्षानुवर्षं पीत राहतं. घाटात डिस्क तापली की ते पाणी उकळतं. त्या दिवशी तुझा पाय ब्रेकवर नव्हता, पैलवान. बुडबुड्यावर होता."

धैर्यशीलनं चाकातल्या नव्या डिस्ककडे पाहिलं.

"मला वाटलं, डिस्क लहान आहे म्हणून..." धैर्यशील पुटपुटला.

"डिस्क दिसते. कॅलिपर दिसतो. लाल रंग तर गल्लीतनं दिसतो." वस्तादांनी स्टोव्ह बंद केला. "तेल कुणाला दिसतंय?"

चारही रबरी पाइप काढले तेव्हा ते आतून सुजलेले निघाले. नवे बसवायला दोन तास गेले. धैर्यशील आता हाताची घडी सोडून पाना देत होता, उजेडाला बॅटरी धरत होता, आणि विचारल्याशिवाय बोलत नव्हता. काकी बाकावर बसून मनातल्या मनात देवीचं नाव घेत होत्या.

मग तेल भरून नळ्यांतली हवा काढायची वेळ आली. त्याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी बोल्ट ढिला करून हवा जाऊ द्यायची.

धैर्यशील दार उघडून आत बसायला निघाला.

"तू नाही. तू इथं बाटली धर," वस्ताद म्हणाले. "ताई, तुम्ही बसा."

"मी?" काकी उभ्याच राहिल्या. त्या गाडीत त्या आजवर पुढच्या सीटवरसुद्धा बसल्या नव्हत्या.

"वस्ताद, आईला गाडीतलं काही कळत नाही."

"तुला लई कळतं, म्हणून तू नको. तू जोर लावशील. मला जोर नको." ते काकींकडे वळले. "एकशे आठ प्रदक्षिणा घालता ना देवळात?"

"घालते की."

"पंचविसावीला कंटाळून पळता का?"

"देवाच्या दारात कसलं पळायचं..."

"मग बसा."

काकी चपला काढून आत बसल्या. वस्तादांनी त्या चपला उचलून चाकापासून बाजूला ठेवल्या.

"मधलं पेडल. दाबा म्हटलं की हळू दाबायचं. धरा म्हटलं की पाय तसाच ठेवायचा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही, नाहीतर गेलेली हवा परत आत येते."

"बरं."

"दाबा."

"दाबलं."

"धरा."

काकींचा पाय हळूहळू खाली गेला. चाकाशी धरलेल्या बाटलीत बुडबुडे आले.

"सोडा."

पुन्हा दाबा. पुन्हा धरा. पुन्हा सोडा. मागचं चाक झालं, दुसरं झालं. काकींचे ओठ हलत होते. ज्या गाडीला आठ महिने नावं ठेवली तिच्या पोटात बसून त्या देवीचं नाव घेत होत्या, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं.

चौथ्या चाकाला पाय अर्ध्यातच अडला.

"वस्ताद, जात नाही हो पुढे. दगडासारखं लागतंय."

बाटलीत आता नुसतं स्वच्छ तेल येत होतं. वस्तादांनी बोल्ट आवळला.

"मोठ्या डिस्कनं जमलं नाही, ते आईच्या पायानं जमलं," ते धैर्यशीलला म्हणाले. तो खाली मान घालून चाक बसवू लागला.

ऊन उतरायला अजून अवकाश होता.

"झालं ना वस्ताद? मग उद्या जाऊ?" धैर्यशीलनं विचारलं.

"बसवून झालंय. झालं कुठं?" वस्तादांनी हात पुसले. "नवी डिस्क आणि नवं पॅड अजून एकमेकांना ओळखत नाहीत. चल, ओळख करून देऊ."

वस्ताद पुढे बसले. काकी मागे, धैर्यशीलच्या पाठीमागे. गाडी गगनबावड्याच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडे उभा ऊस होता.

"साठावर ने. मग वीसवर आण. दहा वेळा. पण थांबायचं नाही."

"थांबायचं नाही? वस्ताद, ब्रेक तर थांबायलाच बसवलाय."

"म्हणूनच."

"एकदा कचकून दाबून बघतो ना. कळेल तरी."

"पैलवान पहिल्याच दिवशी कुस्ती मारतो का?"

"नाही."

"मग तालीम कर."

धैर्यशीलनं साठावर नेली, वीसवर आणली. पुन्हा साठ, पुन्हा वीस. पहिल्या दोन खेपांना गाडी आळसावल्यासारखी मंद होत गेली. चौथ्याला करपल्यासारखा वास आला.

"वस्ताद, जळतंय," काकी म्हणाल्या.

"जळू द्या ताई. नव्या तव्यावरची पहिली भाकरी कुणी खातं का?"

काकींना हसू आलं. पण हातानं पुढची सीट घट्ट धरलेली होती, आणि वेग चढला की उजवा पाय मॅटवर रुतत होता. दुपारभराची सवय लागली होती त्याला.

पाच. सहा. सात. धैर्यशील आता बोलत नव्हता. आकडाही मोठ्यानं म्हणत नव्हता. पाय ठेवत होता आणि उचलत होता, तान्ह्याला थोपटावं तसा.

"हां... असं," वस्ताद म्हणाले.

आठ. नऊ.

दहाव्या खेपेला काटा साठावर टेकला आणि डावीकडच्या शेतातून उसानं भरलेला ट्रॅक्टर रस्त्यावर आला. मागे दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरवाल्यानं इकडे पाहिलंही नाही. बघता बघता रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत उसानं भरला.

"आई अंबा..." काकींच्या तोंडून अर्धवटच निघालं.

धैर्यशीलनं पेडल दाबलं.

गाडी खाली बसली. डावीकडे ओढली गेली नाही, उजवीकडे सरकली नाही. सरळ रेषेत, कुणीतरी मागून पदर धरावा तशी, थांबली.

ट्रॉलीतून लोंबणारं उसाचं हिरवं वाढं बोनेटपासून दोन हातांवर हलत होतं.

ट्रॅक्टर सावकाश वळला. मागच्या ट्रॉलीवर बसलेल्या बाईनं त्यांच्याकडे पाहून हात केला, आणि सगळं लटांबर कारखान्याच्या दिशेनं निघून गेलं. रस्ता मोकळा झाला.

धैर्यशील तसाच बसून होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर ताठ. नखं पांढरी झाली होती.

"माझी लेक असती ना वस्ताद गाडीत..."

"असती, तरी गाडी इथंच थांबली असती."

धैर्यशीलनं मान हलवली. पाय मात्र तिथंच होता.

वस्तादांनी त्याच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवली. अगदी हलकी.

"थांबली ना?"

"थांबली."

"मग पाय काढ."

"वस्ताद..."

"सपाट रस्ता आहे, कुठं जात नाही ती. डिस्क तापलीय. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवलंस तर तिथंच डाग उठतो. मग प्रत्येक फेरीला चाक त्या डागावर थरथरतं. जन्मभर." वस्तादांनी बोटं उचलली. "दाबायचं तेव्हा दाबलंस. शाब्बास. आता काढ."

धैर्यशीलनं पाय काढला. गाडी हलली नाही.

त्यानं लांब श्वास सोडला. खिडकीतून उसाचा ओला वास आत आला.

"उद्या... घेऊन येऊ का लेकीला?" त्यानं विचारलं. सकाळी हाच माणूस हाताची घडी घालून उभा होता, हे कुणाला खरं वाटलं नसतं.

"घेऊन ये. आत्ता जरा वारं लागू दे चाकांना, मग घरी जा. उद्या घाटात गिअर खाली ठेव, पाय हलका ठेव. आणि आईला पुढं बसव."

काकींनी डोळ्यांना पदर लावला. अर्धवट राहिलेलं देवीचं नाव त्यांनी आता कुठे पूर्ण केलं. नातीची टाळू भरायला कालच काढून ठेवलेलं तेल, पाळण्याला बांधायचा काळा दोरा, सगळं त्यांना एकदम आठवलं, आणि पहिल्यांदाच ते आठवताना भीती वाटली नाही.

वस्ताद मागे वळून पाहत होते. काकींच्या चेहऱ्याकडे नाही. खाली, मॅटकडे.

काकींनीही खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय मॅटवर अजून घट्ट दाबलेला होता. टाच उचललेली, बोटं पांढरीफटक.

"ताई," वस्ताद हळूच म्हणाले, "गाडी थांबलीय. तुम्हीही काढा पाय."