स्थिर आकार

"...मग आता अजून काय सोडू, अव्वा?"

विरूपाक्षअप्पांनी विचारलं. आवाजात विनंती कमी होती, अभिमानच जास्त.

निंगव्वा मठाच्या ओसरीवर सूप घेऊन मूग पाखडत बसली होती. गावाबाहेरच्या टेकडीवरचा तो दोन खोल्यांचा मठ. ती तिथं कधी आली, कुठून आली, हे गावात आता कुणालाच नीट आठवत नव्हतं. सगळे तिला अव्वाच म्हणत.

"काय काय सोडलास?" तिनं विचारलं.

अप्पा याच प्रश्नाची वाट बघत होते.

"टीव्ही देऊन टाकला. फ्रीज भाच्याकडं पाठवला. मिक्सर, इस्त्री, सगळं काढलं. उन्हाळ्यातसुद्धा पंखा लावत नाही. दिवस मावळला की एक दिवा, तोही जेवण होईस्तोवर. मला काही लागतच नाही आता, अव्वा."

"बरं."

"पण बिल येतंच की!"

पाखडणं थांबलं.

अप्पांचा सगळा जन्म मोजणी खात्यात गेला होता. दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी त्यांनी साखळी टाकून मोजल्या. बांधावर भावाभावांच्या मारामाऱ्या चालू असतानाही त्यांचं माप कधी चुकलं नाही. बायको गेली, पुढं घरात ते एकटेच उरले, आणि गरजा कमी करायचं त्यांनी मनावर घेतलं. दर सोमवारी टेकडी चढायची आणि नवीन काय सोडलं ते अव्वाला सांगायचं, असा नेमच झाला. पंखा सोडला त्या सोमवारी तर ते अनवाणी आले होते.

"बिलात एक ओळ असती," अप्पा सांगू लागले. "स्थिर आकार. वीज जाळा, नाहीतर अंधारात बसा, ती ओळ हलत नाही. माझ्या बिलात चार आणे विजेचे असतील, तर बारा आणे नुसती तार दारात आली म्हणून. पाटलांच्या घरी एसी चालतो, त्यांना ती ओळ दिसतसुद्धा नाही. माझं सगळं बिल तेवढंच. म्हणजे बघा, जितकं कमी जाळावं तितकं एकेक युनिट महाग पडतं. हा कुठला न्याय?"

"तान्हूबाईचं काय?" अव्वानं विचारलं.

तान्हूबाई अप्पांच्या शेजारीण. एक खोली, एक दिवा, दिवसभर पापड लाटायचे.

"तिचं तेच. दिवा एकच, पण बिल हातात पडलं की दोन दिवस पापड लाटते ते त्याच्यासाठीच."

"मग हा अन्याय आहे," अव्वा म्हणाली.

अप्पा चमकले. अव्वा आता काहीतरी गूढ बोलेल, माया, देह, असं काही, अशी त्यांची अपेक्षा होती.

"अन्याय आहे, तर कचेरीत जाऊन भांडावं. तान्हूबाईला घेऊन मी जाते. तूही चल."

"मी... म्हणजे, मी त्यासाठी नाही आलो, अव्वा."

"तेच म्हणते मी. कशासाठी आलास ते बोल."

अप्पा सावरून बसले. मनाशी घोकून आणलेलं वाक्य त्यांनी हळूच पुढं ठेवलं.

"मीटरच काढून टाकावं म्हणतो. तार नको, ती ओळ नको. समईवर भागेल. एकदा पार मोकळं व्हावं... तुमचा आशीर्वाद असावा."

अव्वानं त्यांच्याकडं नीट पाहिलं.

"काढ," ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडू लागली.

टेकडी उतरताना अप्पांना उगाच रिकामं वाटत राहिलं. आशीर्वाद मिळाला होता. पण तो इतक्या लवकर मिळायला नको होता.

*

अर्ज केल्यावर काही दिवसांनी वायरमन आला. ज्ञानोबा त्याचं नाव. सायकल भिंतीला टेकवून त्यानं पक्कड काढली, शिडी लावली, आणि वर चढता चढता सहज म्हणाला,

"अप्पा, मोबाइल चार्ज करून घेतला का? तार सोडली की मग शेजारी जावं लागंल."

अप्पा आत गेले.

देवळीत फोन ठेवलेला होता. जुना, बटणांचा. चार्जरची वायर भिंतीतून येऊन त्याला जोडलेली, आणि कोपऱ्यात इवलासा लाल ठिपका. रोज जेवण झालं की दिवा विझवायच्या आधी ते फोन पुसून तिथं लावत. इतकी वर्षं हे चालू होतं. कधी एक दिवस चुकला नव्हता. काय काय सोडलं ते अव्वाला सांगताना मात्र हा फोन त्यांच्या तोंडी कधी आला नव्हता.

"अप्पा, सोडू का?" शिडीवरून हाक आली.

अप्पा दारात आले.

"आज राहू दे, ज्ञानोबा. उद्या ये."

ज्ञानोबा दुसऱ्या दिवशी आला. तेव्हाही त्यांनी परत पाठवलं. त्यानंतर आला तेव्हा ज्ञानोबानं शिडी सायकलवरून खाली घेतलीच नाही.

"अप्पा, तुमचं ठरलं म्हंजे निरोप धाडा," तो म्हणाला, आणि हसत निघून गेला.

अप्पा उंबऱ्यावर बसून राहिले. समोरच्या कट्ट्यावर ऊन सरकत सरकत भिंतीवर चढलं, तरी उठले नाहीत.

याच उंबऱ्यावर अंबिका उभी होती. त्यांची एकुलती एक मुलगी. शिकायला लातूरला गेली आणि तिथंच एका मुलाशी लग्न ठरवून आली. मुलगा आपल्यातला नव्हता. अप्पा ओरडले नाहीत, हात उगारला नाही. बांधावर उभं राहून हद्द सांगावी तसे एवढंच बोलले होते, "हा उंबरा तुझी हद्द. इथून पुढं तुझं माझं काही नाही. मी तुझ्याकडं काही मागणार नाही, तू माझ्याकडं मागू नको."

अंबिका रडली नाही. आईच्या फोटोकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "नंबर बदलू नका, अप्पा."

त्यांनी बदलला नव्हता.

*

पुढच्या सोमवारी ते मठात गेले तेव्हा अव्वा नुकतीच खालून आली होती. पायऱ्यांवरच बसून पदरानं मान पुसत होती.

"कचेरीत गेले होते," ती म्हणाली. "तान्हूबाई आणि आणखी चौघीजणी. साहेब म्हणाला, अव्वा, हे दर वरून ठरतात. मी म्हटलं, असू दे, आम्ही वर जाऊ. आता अर्ज घेतलाय त्यानं. बघू." मग तिनं विचारलं, "तुझं मीटर गेलं का?"

अप्पा पायरीवर खाली मान घालून बसले.

"नाही."

"का?"

अप्पा बोटानं फरशीवर रेघ ओढत राहिले.

"दिव्यासाठी?"

"दिव्याचं काही नाही. समई आहे."

"मग?"

"फोन आहे एक. तो चार्ज करावा लागतो."

"कुणाचा येतो?"

समोरच्या पिंपळावर पाखरं कलकलत होती.

"कुणाचाच नाही," ते म्हणाले.

"एकदापण नाही?"

"सुरुवातीला एकदा वाजला होता. मी उचलेपर्यंत थांबला. तिचाच होता. नंतर... नाही."



"रोज लावतो मी चार्जिंगला," अप्पा सांगू लागले. "अंघोळीला जाताना दारात ठेवतो, ऐकू यावा म्हणून. देवळात जाताना खिशात असतो. पाऊस असला तर प्लास्टिकच्या पिशवीत. आवाज पूर्ण मोठा ठेवलेला आहे, अव्वा. परवा तान्हूबाईच्या घरी कुणाचा तरी वाजला, तर मी इकडं ताटावरून उठलो."

"तू लावलास कधी?"

"मी?"

"हो. तू."

अप्पांचा पाठीचा कणा पुन्हा ताठ झाला. मोजणीदार जागा झाला.

"मी का लावू? मी तिच्याकडं कधी काही मागितलं नाही. आजारी पडलो तरी कळवलं नाही. पैसा नाही, आधार नाही, भेट नाही, एक शब्दसुद्धा नाही. इतकं कमी मागणारा बाप शोधून सापडायचा नाही!"

"खरं आहे," अव्वा म्हणाली. "पण पोरीला तो केवढ्याला पडला असंल?"



पायरीवरचं ऊन त्यांच्या पायांपर्यंत आलं, तरी त्यांनी पाय मागं घेतले नाहीत. अव्वा आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. ते तसेच बसून होते. उठले तेव्हा नमस्कार करायचंही विसरले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी देवळीतून फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही, पाठच होता. तरी एकेक आकडा पुटपुटत त्यांनी बटणं दाबली.

घंटी वाजत राहिली. वाजत राहिली. अप्पांना वाटलं, नाही उचलला तर बरं होईल. लगेच वाटलं, नाही उचलला तर मी काय करू?

"हॅलो?"

अंबिका नव्हती. बोबडा, घाईघाईचा आवाज. एखादी चार-पाच वर्षांची पोर असावी.

अप्पांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. नात आहे आपल्याला. आहे, आणि बोलते.

"हॅलो... कोण बोलताय?"

कोण बोलतंय? अप्पांनी सगळ्या जिल्ह्याची जमीन मोजली होती. कुठला तुकडा कुणाचा, हे डोळे मिटून सांगितलं असतं. पण आपण या पोरीचे कोण, हे त्यांना सांगता येईना. आजोबा म्हणावं? ते तिला कुणी सांगितलंच नसेल तर? विरूपाक्ष मानकरी म्हणावं? ते कचेरीतलं नाव.

"आई," पलीकडं पोर कुणाला तरी सांगत होती, "कुणीच बोलत नाही. नुसता श्वास येतोय."

अप्पांनी फोन कापला आणि खिशात टाकला.

मग चपला न घालताच ते टेकडीच्या वाटेला लागले. या वेळी अनवाणी आहोत हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. सोमवार नव्हता, तरी निघाले. अर्ध्या चढावर दम लागला, बसले, पुन्हा उठले.

अव्वा विहिरीवरून कळशी भरून येत होती. त्यांना बघून वाटेतच थांबली.

"लावला," अप्पा धापा टाकत म्हणाले. "पोर बोलली, अव्वा. तिची पोर. कोण म्हणून विचारलं... मला सांगता आलं नाही. मी फोन कापला."

"आवाज कसा आहे पोरीचा?"

"आवाज?" अप्पांचे डोळे भरून आले. "तिच्या आजीसारखा. घाईघाईचा. एका दमात सगळं बोलायचं असल्यासारखा."

अव्वा हसली. कळशी कमरेवरून खाली उतरवली.

तेवढ्यात फोन वाजला.

टेकडीवर सगळीकडं तो आवाज भरून राहिला. पिंपळावरची पाखरं उडाली. अप्पांनी फोन खिशातून काढला आणि दोन्ही हातांत धरला, जसं कुणी नुकतंच जन्मलेलं लेकरू हातात द्यावं. पडद्यावर तोच नंबर होता. इतक्या वर्षांत ज्याची वाट बघत त्यांनी तो लाल ठिपका जपला, ते आता हातात वाजत होतं, आणि त्यांना काही सुचत नव्हतं.

"अव्वा... तिचा आहे. अंबिकाचा."

"मग उचल की."

"काय बोलू? चुकलो म्हणू? माफ कर म्हणू? कुठून सुरुवात करू... इतक्या वर्षांचं एकदम कसं बोलायचं? सांगा ना, अव्वा! थांबेल तो... तेव्हासारखा थांबेल..."

फोन वाजत होता.

अव्वानं वाकून कळशी उचलली, कमरेवर घेतली आणि मठाकडं चालू लागली. अप्पांनी बटण दाबलं, फोन कानाला लावला, आणि डोळे तिच्या पाठीला लावून उभे राहिले.

"अप्पा?" कानात आवाज आला. "अप्पा, तुम्हीच ना?"



पायरीशी पोचलेली अव्वा न थांबता, मागं न बघता म्हणाली,

"भूक लागलीय म्हण."