पाडव्याचं तेल

"अंगाला तेल लावून घ्यायचं नाही, असं एखादं व्रत असतं का महाराज?"

भैरवगिरी महाराज मठाच्या ओट्यावर पाठ उघडी टाकून उन्हात बसले होते. मागे श्रीपती, कोमट तेलाची वाटी घेऊन. रोज सकाळी घरून येऊन महाराजांना तेल लावायचं, हे त्याचं सात वर्षांचं काम.

"कोणासाठी हवंय व्रत?"

"आहे एक जण… ओळखीचा."

"त्या ओळखीच्याला सांग, जरा खाली चोळ."

श्रीपतीचा हात खाली सरकला. या श्रीपतीचं प्रवचन ऐकायला पाच गावांची माणसं जमायची. देह म्हणजे जुनं वस्त्र, हे तो असं काही सांगायचा की ऐकणाऱ्याला अंगातला सदरासुद्धा जड व्हावा. स्वतःचा सदरा मात्र लग्न झाल्यापासून त्यानं बायकोसमोर एकदाही काढला नव्हता.

"परवा दिवाळीचा पाडवा," तो म्हणाला. "लग्नानंतरचा पहिला. बायको नवऱ्याला पाटावर बसवून तेल लावते."

"मग?"

"माझी पाठ…"

लहानपणी गुऱ्हाळात उकळता रस अंगावर सांडला होता. मानेपासून कमरेपर्यंत कातडं आकसून गेलेलं. महाराजांना ते ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, हौसाला, ठाऊक नव्हतं.

"सहा महिने झाले की लग्नाला. कळलं नाही तिला?"

"अंधार असतो… सदरा असतो अंगात. पाठीकडे हात आला की मी कूस बदलतो." बोलतानाच श्रीपतीला घाम फुटला. "आधी दिवा मी मालवायचो. दसऱ्यापासून तीच मालवते. तेवढी एक काळजी मिटली."

"ती का मालवते?"

श्रीपतीनं वाटीत बोटं बुडवली.

"विचारलंस?"

"तिनंच विचारलं होतं एकदा. मी सावळी आहे म्हणून का हो, असं."

"तू काय म्हणालास?"

"झोप म्हणालो."

महाराजांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"अंग चोरलंस तू," ते म्हणाले. "आणि आळ घेतला तिनं. स्वतःवर."

पाच गावांना शहाणपण वाटणाऱ्या या माणसाला एवढी गोष्ट सहा महिन्यांत सुचली नव्हती. श्रीपतीला स्वतःची लाज वाटली. पण भीती काही हटेना.

"ती बघेल ना महाराज, तेव्हा तिचा हात थांबेल. मला तो थांबलेला कळेल. एकदा थांबला की संपलंच मग. पुढं कुठल्या तोंडानं राहू तिच्यासमोर?"

"माझी पाठ कशी आहे रे?"

"चांगली आहे की."

"नीट बघ."

श्रीपतीनं बघितलं. खवल्याखवल्यांचं कातडं, आणि खांद्याखाली लिंबाएवढं आवाळू. रोज समोर असून कितीतरी दिवसांत ते बघायचं राहूनच गेलं होतं. आवाळूच्या कडेला दुखतं, तिथं हलकं चोळायचं, एवढं त्याच्या बोटांना माहीत होतं.

"पहिल्या दिवशी," महाराज म्हणाले, "तुझा हात थांबला होता."

श्रीपतीचे कान तापले.

"तुम्हाला… कळलं होतं?"

"पाठीला सगळं कळतं बाबा."

"मग काय वाटलं तुम्हाला?"

"वाईट वाटलं."

श्रीपतीला हे उत्तर नको होतं. निदान महाराजांनी तरी काही वाटलं नाही म्हणायला हवं होतं.

"तेव्हा मी तुला काय म्हणालो होतो, आठवतं?"

श्रीपतीला आठवत होतं. त्यानं मान डोलावली.

महाराजांनी अंगावर पंचा ओढला आणि उठले.

"व्रतबित काही नाही. पाडव्याला पाटावर बस. तिचा हात थांबेल… थांबला, की तिलाही तेच सांग. तेल गार होतंय, म्हणावं."